मुर्यांगसुजॉन किती जुनं, आणि ते उभं कशाच्या जोरावर आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण कोरियातल्या बुसॉकसा मठाचं मुख्य मंदिर, मुर्यांगसुजॉन, हे ‘एकही खिळा न वापरता बांधलेलं कोरियातलं सर्वांत जुनं लाकडी मंदिर’ म्हणून सांगितलं जातं. त्याचे मधे फुगीर असलेले खांब ग्रीकांकडून आले, असंही वाचायला मिळतं. यात खरं किती? आणि लाकडाची इमारत इतकी शतकं टिकते कशी?

तिन्ही दावे आधी निकालात काढू. खिळे आहेत. सर्वांत जुनं म्हणण्याचा मान सहसा बोंगजॉंगसा मठातल्या गुंगनाकजॉनला दिला जातो, याला नाही. ग्रीकांशी नातं जोडायला पुरावा नाही, आणि मापं पाहिली तर साम्यही वरवरचंच निघतं. टिकण्याचं उत्तर मात्र एका वाक्यात बसत नाही. ही बांधणी सुटी करता येते, खराब झालेला तुकडा बदलता येतो, आणि लोकांनी शतकानुशतकं तेच केलं आहे. तिचं वय आपल्याला जेवढं कळलं तेही दुरुस्तीच्या निमित्तानेच कळलं.

बुसॉकसा मठ यॉंगजू शहराच्या हद्दीत, बोंगह्वांगसान डोंगराच्या उतारावर आहे. सिल्ला राज्याच्या काळात, इ.स. ६७६ मध्ये, भिक्षू उइसांग यांनी तो स्थापन केला. चीनमध्ये अवतंसक सूत्र या बौद्ध ग्रंथाचा अभ्यास करून परतलेले हे आचार्य, आणि त्या परंपरेचं कोरियातलं मुख्य पीठ हेच. उतारावर दगडी बांध घालून एकावर एक सपाट टप्पे काढले आहेत, आणि सर्वांत वरच्या मोठ्या टप्प्यावर मुर्यांगसुजॉन आहे. समोरचा दगडी दीपस्तंभ सिल्लाकाळातला. लाकडी इमारत मात्र तितकी जुनी नाही.

१९१६ साली, जपानी राजवटीत, मंदिर उतरवून दुरुस्त करताना शाईने लिहिलेला एक लेख सापडला. १३५८ साली शत्रूच्या सैन्याने मंदिर जाळलं आणि १३७६ साली ते पुन्हा उभारलं, असं त्यात म्हटलं आहे. हे वाचून विषय संपायला हवा होता, पण तिथूनच तो सुरू झाला. कारण त्याच मठात, मुर्यांगसुजॉनच्या मागच्या चढावर, जोसादांग नावाचं संस्थापकांचं छोटं मंदिर आहे आणि त्याचं साल १३७७ आहे. दोन इमारती एका वर्षाच्या अंतराने, एकाच मठात उभ्या राहिल्या असत्या तर त्यांच्या सुतारकामात घराणं एक दिसलं असतं. तसं दिसत नाही. जोसादांग लहान आहे, त्यामुळे तिथलं काम साधं असणार, हे मान्य. तरी हस्तांचे (खांबाच्या डोक्यावरच्या, वळचण पेलणाऱ्या आडव्या लाकडांचे) ठोकळे कसे घडवले, तुळयांच्या कडा कशा गोलावल्या, या बारकाव्यांत मुर्यांगसुजॉन जुन्या वळणाचं आहे. म्हणून बहुतेक अभ्यासक असं मानतात की १३७६ चं काम म्हणजे मोठी डागडुजी होती, आणि मूळ सांगाडा त्याहून शंभर-दीडशे वर्षं जुना, म्हणजे तेराव्या शतकातला असावा. मला हा युक्तिवाद पटतो. फक्त तो शैलीवरून केलेला आहे, लेखावरून नाही, हे विसरू नये.

बोंगजॉंगसाच्या गुंगनाकजॉनची गोष्टही अशीच. १९७२ साली ते उतरवलं तेव्हा १६२५ सालचा एक दस्त मिळाला. आढं चढवताना किंवा मोठ्या दुरुस्तीच्या वेळी इमारतीची हकीकत लिहून ती आढ्याशी ठेवायची, ही कोरियन सुतारांची जुनी रीत. त्या लेखाला सांगन्यांगमुन म्हणतात. १३६३ साली या इमारतीचं छप्पर दुरुस्त केलं होतं, अशी नोंद त्यात होती. नव्या इमारतीचं छप्पर कोणी उतरवत नाही. अशी पाळी साधारण शतक-दीड शतकानंतर येते, म्हणून ती इमारत बाराव्या शतकाच्या अखेरची किंवा तेराव्याच्या सुरुवातीची धरतात. बांधल्याचं साल पक्कं माहीत असलेली सर्वांत जुनी इमारत म्हणजे सुदॉकसा मठातलं देउंगजॉन: १३०८. तेही १९३७ सालच्या दुरुस्तीत सापडलेल्या लेखावरून. बाकीच्यांचं वय ठरवताना सगळे याच इमारतीपासून मागे-पुढे मोजतात. उदाहरणार्थ, देउंगजॉनमध्ये खांबाच्या डोक्याखाली, खांबाच्या अंगातूनच बाहेर काढलेला एक जादा अर्धा हस्त आहे. मुर्यांगसुजॉन आणि गुंगनाकजॉन या दोन्हींत तो नाही. पुढच्या काळातल्या या घराण्याच्या इमारतींत तो वारंवार दिसतो. म्हणजे ज्या दोघांत नाही त्या आधीच्या वळणाच्या. वय ठरवण्याचं काम हे असं, ठोकळ्या-ठोकळ्याने चालतं.

गोर्योकाळातल्या, म्हणजे १३९२ च्या आधीच्या, लाकडी इमारती कोरियात बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. तेराव्या शतकातल्या मंगोल स्वाऱ्या आणि १५९२ ते १५९८ चं जपानी आक्रमण यांत बाकीच्या बहुतेक गेल्या.

आता बांधणी. कोरियन इमारत खणांत मोजतात, अगदी आपल्या वाड्यासारखी: दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि खणाची रुंदी ठरावीक नसते. मुर्यांगसुजॉन समोरून पाच खण, बाजूने तीन. म्हणजे बाहेरच्या घेरावर सोळा खांब. लांबी-रुंदी सुमारे ६२ बाय ३८ ‘जा’ (लांबीचं कोरियन माप); एक जा ३०.३ सेंटीमीटर धरला तर १८.८ बाय ११.५ मीटरच्या आसपास. ६२ ला ३८ ने भागलं की १.६३ येतं, आणि त्यावरून सुवर्ण गुणोत्तराच्या कथा निघाल्या आहेत. त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नये. खणाची रुंदी ठरते ती मिळालेल्या तुळयांच्या लांबीवरून आणि छपराच्या भारावरून. पाच आणि तीन खणांच्या इमारतीत १.६ च्या जवळपासचा आकडा सहज येतो.

पाया पाहताना दोन गोष्टी बघाव्यात. जोतं ग्रॅनाइटच्या घडीव दगडांचं आहे: उभे आणि आडवे दगड लाकडी चौकटीसारखे एकमेकांत बसवून मधे फरश्या लावलेल्या. पूर्व बाजूच्या दगडावर किम एसन या पाथरवटाचं नाव कोरलेलं आहे. सुतारांची नावं क्वचित कळतात, इथे पाथरवटाचं मिळालं. दुसरी गोष्ट जास्त कामाची. जोत्याची कड नेहमी पागोळ्यांच्या रेषेच्या आत असते. वळचणीवरून पडणारं पाणी जोत्याच्या बाहेर, मातीत पडलं पाहिजे. जोतं पुढे आलं आणि पाणी त्याच्यावर पडलं तर शिंतोडे थेट खांबाच्या तळाशी उडतात, आणि लाकडी इमारत मरते ती बहुतेक वेळा तिथूनच.

खांब जमिनीत पुरलेले नसतात. ते तळखड्यावर नुसते ठेवलेले असतात. मुर्यांगसुजॉनमध्ये तळखडे घडीव आहेत, खांबाच्या मापाचा गोल उंचवटा कोरलेला. पण कोरियातल्या असंख्य मठांत तळखडा म्हणजे नदीतून किंवा डोंगरातून आणलेला ओबडधोबड धोंडा असतो, आणि दगड घडवण्याऐवजी लाकूडच दगडाच्या मापाचं कापतात. या कामाला ग्रेंगी म्हणतात. खांब धोंड्यावर उभा करून दोरांनी ओळंब्यात धरायचा. बांबूच्या दोन पायांच्या चिमट्याचा एक पाय दगडावर टेकवायचा, दुसऱ्याच्या टोकाला शाई लावून तो खांबाला टेकवायचा, आणि चिमटा सरळ उभा धरून खांबाभोवती पूर्ण फेरी मारायची. दगडाचा प्रत्येक उंचसखलपणा रेघ होऊन लाकडावर उमटतो. त्या रेघेवर कापायचं आणि तळाचा मधला भाग पटाशीने किंचित पोकळ करायचा, म्हणजे भार कडेच्या कड्यावर येतो आणि खांब डुगडुगत नाही. चिमटा फिरवताना थोडा जरी कलला तर रेघ चुकते, आणि खांब एका बाजूला टेकून दुसऱ्या बाजूला फट राहते. त्या फटीत पाणी आणि वाळवी दोन्ही शिरतात. नुसत्या ठेवलेल्या खांबाचा फायदा भूकंपातही होतो: धक्का बसला की तळ थोडा सरकतो, मोडत नाही.

खांबांचं लाकूड झेल्कोवाचं आहे, एल्मच्या कुळातलं, कठीण आणि टिकाऊ. पुढे जोसॉनकाळात, म्हणजे १३९२ नंतर, मोठी झेल्कोवा झाडं मिळेनाशी झाली आणि इमारती पाइनकडे वळल्या. आज पुनर्बांधणीला वापरतात तो तांबड्या सालीचा कोरियन पाइन. हिवाळ्यात, झाडात रस कमी असताना तोडायचा आणि सावलीत सावकाश वाळवायचा. खांब घडवताना ओंडका आधी चौकोनी, मग आठ, सोळा, बत्तीस कोनी करत नेतात आणि शेवटी रंध्याने गोल. बुंध्याची बाजू खाली, शेंड्याची वर; उलटा खांब लावणं सुतार अजूनही टाळतात.

आणि तो फुगवटा. कोरियन नाव बेहुल्लिम. मुर्यांगसुजॉनच्या खांबाचा व्यास तळाशी सुमारे ४४ सेंटीमीटर, डोक्याशी ३४, आणि तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर ४९. म्हणजे पोट तळापेक्षा जाड. ग्रीक खांब सहसा तळाशीच सर्वांत जाड असतो आणि वर हलक्या वळणाने बारीक होत जातो; त्याचा फुगवटा तळाच्या जाडीबाहेर जात नाही. दोन्हींचा हेतू डोळ्यासाठी असला तरी घडण वेगळी. वरचं भारदस्त छप्पर पाहताना सरळ खांब मधे आत दबल्यासारखा दिसतो, ते टाळायला पोट काढतात, हे स्पष्टीकरण बरोबर आहे. बळकटीसाठी ते काढतात, हे नाही. जपानमधल्या होर्यूजी मठातही असे खांब आहेत, म्हणजे पूर्व आशियात ही रीत जुनी आणि पसरलेली आहे.

डोळ्यासाठी आणखी दोन करामती आहेत, आणि त्या बांधकामालाही उपयोगी पडतात. कोपऱ्याचे खांब मधल्यांपेक्षा थोडे उंच असतात, नाहीतर लांब वळचण टोकांना खाली झुकल्यासारखी दिसते. आणि बाहेरचे खांब माथ्याशी किंचित आत कललेले असतात. छपराचा भार सांगाड्याला बाहेर ढकलू पाहतो; आत कललेले खांब त्याला विरोध करतात. दुरुस्ती करणाऱ्याने हे माहीत नसताना सगळे खांब ओळंब्यात आणले, तर त्याने इमारत ‘सरळ’ केलेली नसते, बिघडवलेली असते.

खांबांची डोकी आडव्या तुळयांनी जोडलेली असतात. तुळईच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखा, पुढे रुंद होत जाणारा कुसू काढतात आणि तो खांबाच्या डोक्यातल्या खोबणीत वरून खाली सोडतात. बाजूला ओढून तो निघत नाही. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर मात्र कुसू आकसतो, सांधा सैल होतो आणि भार आला की तुळई हळूहळू बाहेर येते. नव्या इमारतींत पहिल्या दहा वर्षांत दिसणारा दोष तो हाच. खांबाला उभी चीर पडली म्हणून घाबरायचं कारण नसतं. गाभ्यासकट घेतलेला पाइनचा ओंडका वाळताना चिरतोच. चीर खोबणीतून जात असेल किंवा आडवी असेल, तर मात्र खांब बदलायचा विचार करावा लागतो.

खांबाच्या डोक्यावर येते ती हस्तांची रचना. आधी एक मोठा चौकोनी ठोकळा, जुदू. त्याच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी खाच, आणि त्या खाचेत एकमेकांना छेदणारे दोन हस्त, एक भिंतीच्या रेषेत आणि एक आत-बाहेर जाणारा. हस्तांच्या टोकांवर छोटे ठोकळे, त्यांवर पुढचे लांब हस्त. असे थर बाहेर सरकत जाऊन वळचणीखालच्या बहालाला उचलून धरतात. छपराचा भार यांतून खांबाच्या मध्यावर येतो आणि वळचण भिंतीपासून लांब काढता येते. मुर्यांगसुजॉनमध्ये ही रचना फक्त खांबांच्या डोक्यावर आहे, दोन खांबांच्या मधे नाही. या पद्धतीला जुसिम्पो म्हणतात. नंतर आलेल्या दापो पद्धतीत मधल्या जागेतही हस्तांचे गुच्छ येतात आणि ते पेलायला तुळईवर आणखी एक जाड फळी आडवी घालावी लागते. दोन्ही शेजारी-शेजारी बघायच्या असतील तर बोंगजॉंगसात जावं: गुंगनाकजॉन जुसिम्पो, आणि त्याच मठातलं देउंगजॉन (सुदॉकसातलं नव्हे) दापो. माझं मत विचाराल तर जुसिम्पोत भार कुठून कुठे जातो ते नजरेने वाचता येतं. दापोत ते नक्षीआड हरवतं.

मुर्यांगसुजॉनचा जुदू जवळून पाहावा. त्याचा खालचा निमुळता भाग सरळ कापलेला नाही, आत वळवलेला आहे, आणि त्याच्याखाली पातळ पट्टीसारखी एक बैठक ठेवली आहे. गुंगनाकजॉनच्या ठोकळ्यांना वळण आहे पण ही बैठक नाही. जोसॉनकाळात वळण जाऊन तिरका सरळ काप येतो. अभ्यासक इमारतीत शिरले की मान वर करून आधी हाच ठोकळा शोधतात. बिघाडही इथेच होतो. ठोकळ्यावर भार लाकडाच्या रेषांना आडवा येतो, आणि त्या दिशेने लाकूड कमजोर असतं. शतकांनी ठोकळे चेपतात किंवा चिरतात, आणि तेही सगळे सारखे नाही. एका खांबावरचा जुदू दोन सेंटीमीटर बसला की त्यावरची अख्खी रेघ बिघडते.

खिळ्यांचं काय? खांब, तुळई, हस्त हा सांगाडा खरोखर कुसू, खोबण आणि पाचरांवर उभा आहे. पण छपराचे वासे बहालांवर लांब लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले असतात, कोपऱ्याचा कर्ण-वासा त्याहून मोठ्या खिळ्यांनी. वळचणीच्या पट्ट्या आणि फळ्यांनाही खिळे आहेत. उतारावरचा वासा नुसता ठेवून राहणार नाही, हे कोणताही सुतार सांगेल.

आत छत नाही. वर पाहिलं की तुळया, त्यांवरच्या आखूड तुळया, आधाराचे ठोकळे आणि वासे सगळे उघडे दिसतात, म्हणून एकूण एक लाकूड रंधून, कडा गोल करून बसवलं आहे. आतल्या उंच खांबांच्या दोन रांगा पूर्व-पश्चिम धावतात. मंदिराचं तोंड दक्षिणेकडे, पण बुद्धमूर्ती समोर नाही. ती पश्चिम टोकाला बसून पूर्वेकडे पाहते. हे अमिताभ बुद्धाचं मंदिर, आणि त्याचा स्वर्ग पश्चिमेला. या मांडणीमुळे मूर्तीसमोरचं अंतर तीन खणांच्या रुंदीचं न राहता पाच खणांच्या लांबीचं होतं, आणि खांबांच्या रांगा नजर थेट मूर्तीकडे नेतात. मूर्ती मातीची आहे, २.७८ मीटर उंच, गोर्योकाळातली. जमीन आज लाकडी तक्तपोशीची आहे. पूर्वी हिरव्या झिलईच्या विटा होत्या.

छप्पर चारही बाजूंना उतरणारं, वर दोन बाजूंना त्रिकोणी तोंडं असलेलं. त्याचे थर असे: वासे, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचं आच्छादन, त्यावर लाकडाचे तुकडे, ढलप्या आणि जुन्या दुरुस्तीतलं निरुपयोगी लाकूड भरलेला थर, जॉक्सिम. त्यावर मातीचा थर, आणि त्या मातीत बसवलेली कौलं. जॉक्सिममुळे छपराचं वळण भरून निघतं आणि वाशांची मागची टोकं दाबली जाऊन पुढची वळचण तोलली जाते. मातीमुळे ऊन आणि थंडी दोन्ही अडतात. वजन प्रचंड होतं, पण त्या वजनानेच सुटे सांधे आवळलेले राहतात. खाली पसरट उताण्या कौलांच्या रांगा: उताणं कौल चढवताना वरचं खालच्याचा दोन तृतीयांश भाग झाकतं, म्हणजे कुठेही पाहिलं तरी तीन थर असतात. दोन उताण्या रांगांच्या सांध्यावर नळीचं पालथं कौल. वळचणीला नळीच्या तोंडात चुन्याचा पांढरा गोळा भरतात. तो गोळा पडला की पक्षी आत माती उकरतात, पाणी शिरतं, आणि पहिली कुजतात ती वळचणीची टोकं. कमी भाजलेलं कौल पाणी पितं आणि यॉंगजूच्या हिवाळ्यात गोठून फुटतं.

वळचण लांब असण्याचं कारण हवामानात आहे. यॉंगजू साधारण ३७ अंश उत्तर अक्षांशावर. जूनमध्ये दुपारी सूर्य ७६ अंशांवर असतो, डिसेंबरात ३० च्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात सावली भिंतीवर पडते आणि हिवाळ्यात ऊन आतपर्यंत जातं. जून-जुलैचा जोरदार पाऊसही भिंतीपासून दूर राहतो.

सर्वांत अवघड काम कोपऱ्याचं. वळचणीची कड वरून पाहिली तरी सरळ नसते: मधे आत गेलेली, कोपऱ्यांकडे बाहेर आलेली, समोरून पाहिली तर कोपऱ्यांना उचललेली. ही दोन्ही वळणं एका लवचीक लांब पट्टीने आधी ठरवतात, आणि मग कर्ण-वाशाच्या दोन्ही अंगांना प्रत्येक वासा वेगळ्या कोनात, वेगळ्या जाडीचा कापून एकाला एक भिडवून बसवतात. यात एकही वासा दुसऱ्याच्या मापाचा नसतो. सुताराची पारख करायची असेल तर तो कोपरा बघावा. कर्ण-वाशावर भार सर्वांत जास्त, आणि त्याचा बाहेर आलेला भागही लांब. आतलं टोक पुरेसं दाबलेलं नसेल तर ते वर उचलतं आणि कोपरा खाली येतो. मुर्यांगसुजॉनच्या चारही कोपऱ्यांखाली बारीक टेकू-खांब दिसतात ते यासाठीच. छायाचित्रात ते मूळ खांबांसारखे वाटतात, पण सांगाड्याचा भाग ते नाहीत.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळा होणारं काम खांबाच्या तळाचं. कुजणं खालच्या एक तृतीयांश भागाच्या आत असेल तर सगळा खांब न बदलता सांगाडा टेकू देऊन उचलतात, कुजका भाग कापतात आणि त्याच जातीच्या, चांगल्या वाळलेल्या लाकडाचा नवा तुकडा खालून जोडतात. सांधा सपाट ठेवत नाहीत. वरच्या आणि खालच्या तुकड्यात अधिक चिन्हासारख्या जिभा काढून एकमेकांत बसवतात, म्हणजे खांब पीळ घेत नाही. ओलं लाकूड जोडलं तर ते आकसून वर फट पडते आणि तो खांब भारच घेत नाही. शेजारचे दोघे त्याचा भार वाहतात. वाळवी शोधायला कोरियात वास घेणारी शिकवलेली कुत्रीही वापरतात, कारण बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतून पोकळ असू शकतो. कलंडलेला सांगाडा सरळ करायचा तर आधी कौलं आणि माती उतरवावी लागते, मग दोर आणि जॅक लावून रोज थोडं थोडं. पूर्ण उतरवायची वेळ आली तर प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतात. जुन्या तुकड्यांतले किती परत वापरले, यावर दुरुस्तीची किंमत ठरावी असं मला वाटतं. ती सहसा नव्या लाकडाच्या झळाळीवर ठरते.

रंगाबद्दल थोडं. लाकडावरचं रंगकाम, दानचॉंग, शोभेइतकंच संरक्षणासाठी असतं: आधी हिरवट मातीचा थर, मग सरसात कालवलेले खनिज रंग. मुर्यांगसुजॉनचे रंग जवळपास उडून गेले आहेत, आणि म्हणूनच त्याचं लाकूड इतकं स्पष्ट दिसतं. सोलमधल्या सुंग्न्येमुन या नगरद्वाराचं उदाहरण उलट आहे. २०१३ च्या मे महिन्यात ते पुन्हा उघडलं आणि काही महिन्यांतच नवे रंग पोपडे धरून गळू लागले. पारंपरिक सरस आणि रंगांऐवजी कृत्रिम रंग आणि रासायनिक चिकटवणं वापरल्याचं चौकशीत निघालं. कृत्रिम थर कडक असतो, लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, आणि थर त्याच्याबरोबर हलत नाही.

सुंग्न्येमुन मुळात पुन्हा बांधावं लागलं ते १० फेब्रुवारी २००८ च्या रात्री कोणीतरी लावलेल्या आगीमुळे, आणि त्या आगीत छपराचा दोष उघडा पडला. आग जॉक्सिमच्या थरात शिरली. वरून कौलं आणि माती, खालून फळ्या. पाणी तिथे पोचेना. बाहेरून ज्वाळा विझल्यासारख्या दिसल्या, आत कोरडं लाकूड धुमसत राहिलं, आणि मध्यरात्रीनंतर छप्पर कोसळलं. त्यानंतरचा धडा सरळ आहे: अशा इमारतीत आग लागली तर लवकर कौलं फोडून थर उघडा करावा लागतो, आणि तो निर्णय घेणाऱ्याला इमारतीचा छेद आधी माहीत असावा लागतो.

डोंगरातल्या मठांना धोका वणव्याचा. मार्च २०२५ च्या वणव्यांत उइसॉंगमधल्या गोउनसा मठाच्या कितीतरी इमारती जळाल्या; बोंगजॉंगसाभोवतीची झाडं तोडून आगीला रोखायची तयारी करावी लागली. बुसॉकसा आणि बोंगजॉंगसा हे दोन्ही मठ २०१८ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या सात डोंगरी मठांपैकी आहेत. जायचं असेल तर बुसॉकसाला पहिला पाऊस पडत असताना जावं, आणि पागोळ्यांचं पाणी जोत्याबाहेर नेमकं कुठे पडतं ते आधी बघावं. बाकीची इमारत त्यानंतर लवकर समजते.